त्यांना ऐकू येत नाही

परक्या माणसावर आपण कधी मनापासून रागावत नाही. शेजाऱ्याच्या मुलाला गणितात अकरा गुण पडले तर आपण हळहळतो; तेच आपल्या मुलाला पडले तर घर डोक्यावर घेतो. क्रिकेटचेही तसेच आहे. आमच्या बोरिवलीच्या इमारतीत झिम्बाब्वेच्या संघाला कुणी शिवी दिल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. पण आपला एखादा फलंदाज बाहेर जाणाऱ्या चेंडूला उगाच बॅट लावून परतला, की तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जी भाषा ऐकू येते ती कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही.

मी त्या भाषेचा चांगला जाणकार आहे. तसा मी शाळेत मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे मी शब्द तोलूनमापून वापरावेत अशी लोकांची अपेक्षा असते, आणि टीव्ही सुरू होईपर्यंत मी ती पुरीही करतो. एकदा का सामना सुरू झाला की मग मी, वरच्या मजल्यावरचे आजोबा आणि खालचा इस्त्रीवाला यांच्यात काडीचा फरक उरत नाही. बायको म्हणते, "अहो, तो तिकडे मैदानात, तुम्ही इथे खुर्चीत. त्याला काय ऐकू जाणार आहे?" मी म्हणतो, "म्हणून तर मोठ्याने बोलावं लागतं!"

तर ही गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. त्या ऑक्टोबरात न्यूझीलंडचा संघ तीन कसोटी खेळायला आला होता, आणि आम्ही सगळे निर्धास्त होतो. निर्धास्त असायला कारणही होते. २०१२ साली इंग्लंडकडून हरल्यानंतर बारा वर्षांत आपण घरच्या मैदानावर एकही कसोटी मालिका गमावली नव्हती. ओळीने अठरा मालिका जिंकल्या होत्या. शिवाय पाहुण्यांचा सर्वांत मोठा फलंदाज विल्यमसन दुखापतीमुळे आलेलाच नव्हता. घरच्या कार्याला यजमानाने निवांत बसावे तसे आम्ही बसलो होतो.

पहिला दणका बेंगळुरूला बसला. १७ ऑक्टोबरला आपला संघ ४६ धावांत बाद झाला. पाच जण शून्यावर. भारतात आपल्या संघाने काढलेल्या त्या सर्वांत कमी धावा! शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी सुतकी कळा होती. गणिताच्या बाईंना क्रिकेटमधले काही कळत नाही. त्यांनी मात्र शांतपणे निकाल दिला, "पस्तिसाच्या वर आहेत ना? मग पास झाले की!"

फलंदाज गेले तर गेले, गोलंदाज तरी लाज राखतील असे वाटले. तेही नाही. न्यूझीलंडचे सात गडी २३३ वर गेले होते. म्हटले, आता शेपूट गुंडाळायला किती वेळ लागतो! तर रवींद्र आणि साउदी या दोघांनी आठव्या गड्यासाठी १३७ धावांची भागी केली आणि पाहुणे ४०२ वर जाऊन पोचले. पुढे पुण्याला वॉशिंग्टन सुंदरने एका डावात सात बळी घेतले, पण त्यांच्या सँटनरने आपले तेरा घेतले. सामना तीन दिवसांत संपला, त्याबरोबर मालिका गेली. फिरकी ही तर आपल्या घरची विद्या! त्याच विद्येत पाहुण्याने घरात येऊन यजमानाला नापास करावे, हे दुःख काही निराळेच असते.

त्याच आठवड्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली. तेव्हा मी ती गोष्ट म्हणून ओळखलीसुद्धा नाही.

आमचे खेळाचे सर रजेवर होते आणि सातवीच्या मुलांचा एक सरावाचा सामना ठरलेला होता. मला क्रिकेटचे वेड आहे हे मुख्याध्यापकांना ठाऊक. त्यांनी मुले माझ्या गळ्यात घातली. संघात एक किडकिडीत डावरा मुलगा होता. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा. तो फिरकी टाकतो असे सर सांगून गेले होते. त्याला चेंडू दिला. पहिल्या षटकात त्याने चार वाइड टाकले आणि दोन फुलटॉस. दोन्ही फुलटॉस मैदानाबाहेर गेले. आदल्याच दिवशी सुरू झालेल्या पुण्याच्या सामन्याने माझे डोके तापलेले होते. मी सीमारेषेवरून ओरडलो, "अरे, चेंडू टाकतोयस की दगड? जा त्या सेहेचाळीसवाल्यांकडे, त्यांच्यात शोभशील!"

दोन्ही संघांतली मुले खो खो हसली. मीही हसलो, वाक्य चांगले जमले होते. पोराने उरलेले षटक पुरे केले, चेंडू पंचांच्या हातात दिला आणि जाऊन सीमेवर उभा राहिला. सुट्टी लागण्यापूर्वीच्या दिवशी तो सरावाला आला नाही. का आला नाही हे मी विचारले नाही. खरे सांगायचे तर तो आला नाही हेच माझ्या ध्यानात आले नाही.

मग दिवाळी आली. तिसरी कसोटी वानखेडेवर, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पाडव्याला संध्याकाळी न्यूझीलंडचे नऊ गडी बाद झाले होते आणि त्यांच्याकडे अवघी १४३ धावांची आघाडी होती. मालिका गेली होती, पण अब्रू राखण्याइतके अजून हाती होते. दीडशेच्या आत काय ते धावांचे! पाडव्याच्या रात्री आमच्या इमारतीत फटाके वाजले त्यात थोडे क्रिकेटचेही असावेत.

दुसऱ्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, रविवार आणि भाऊबीज. माझी ताई मुलुंडला राहते. सामना सुरू होण्याआधी तिच्या घरी पोचायचे म्हणून मी सकाळी लवकर निघालो. दादरला उतरून गाडी बदलायची होती. लोकलमध्ये नेहमीची गर्दी नव्हती. नव्या कपड्यांतले भाऊ आणि मिठाईचे डबे सांभाळणाऱ्या बहिणी, एवढेच. पण जो तो फोनमध्ये डोके घालून एकच हिशेब करीत होता. जोगेश्वरी मागे पडली तेव्हा खिडकीशी बसलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "तो एजाज पटेल इथलाच ना?"

"इथलाच," शेजारी म्हणाला. "आज त्याला सांभाळून खेळलं म्हणजे झालं."

हा एजाज पटेल मुंबईत जन्मलेला, जोगेश्वरीतल्या घरातला. आठ वर्षांचा असताना, १९९६ साली, आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. २०२१ च्या डिसेंबरात तो वानखेडेवर आला आणि एका डावात आपले दहाच्या दहा गडी त्याने बाद केले. इंग्लंडचा लेकर आणि आपला कुंबळे यांच्यानंतर हा पराक्रम करणारा तो तिसराच. तरीही तो सामना आपण ३७२ धावांनी जिंकला होता, म्हणून आम्ही सढळ हाताने टाळ्या वाजवल्या होत्या. जिंकणाऱ्याला उदार होणे फार सोपे असते.

ताईकडे पोचलो तो दाजी टीव्हीसमोर बसलेलेच होते. न्यूझीलंडचा शेवटचा गडी गेला. आपल्याला १४७ धावा हव्या होत्या. ताईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि तबक घेऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी ओवाळून घे. मग काय तो गोंधळ घाला."

मी पाटावर बसलो, पण टीव्ही दिसेल असा जरा तिरपा. ताईने कपाळाला कुंकू लावले, अक्षता लावल्या, निरांजन उचलले, तोच रोहित शर्मा ११ धावांवर झेल देऊन परतला. दाजींनी कपाळावर हात मारला. ताई ओवाळतच होती. गिलने चेंडू सोडून दिला आणि त्रिफळा उडाला. कोहली आला, एक धाव काढून गेला. मग जयस्वाल गेला. तबकात ओवाळणी टाकून मी पाटावरून उठलो तेव्हा मला वाटले, ताईने निरांजन मला ओवाळण्याऐवजी टीव्हीला ओवाळायला हवे होते.

दाजींची आणि माझी आता जुगलबंदी सुरू झाली. ते बँकेतले, त्यामुळे त्यांचा राग आकडेवार असतो. "हा रोहित २०१५ नंतर एक तरी रणजी सामना खेळलाय का? घरची वहिवाट सोडली की असंच होणार!" मी शब्दांचा माणूस, मी विशेषणे पुरवीत होतो. आणि इतक्यात सर्फराज खान समोर आला. एजाजने त्याला टाकलेला चेंडू टप्पा न पडता सरळ बॅटवर आला. शाळेतल्या पोरानेही टोलवावा असा फुलटॉस! सर्फराजने तो सीमेकडे मारला आणि थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात दिला. पाच बाद २९.

माझा भाचा, सातवीतला, इतका वेळ चकली खात गप्प बसला होता. तो सरळ उठून बसला आणि म्हणाला, "मामा, फुलटॉसवर पण विकेट मिळते!"

का कोण जाणे, माझ्या तोंडातले विशेषण तोंडातच राहिले. मला तो डावरा मुलगा दिसला. चेंडू पंचांच्या हातात देऊन पाठमोरा चालत जाणारा.

पुढचा सामना मी पाहिला, पण मन लावून नव्हे. पंतने एकट्याने किल्ला लढवला, ६४ धावा काढल्या. तो बाद झाला तेव्हा आधी बॅट पॅडला लागली की चेंडू बॅटला, यावर दाजी अजूनही वाद घालतात. १२१ या एकाच आकड्यावर शेवटचे तिन्ही गडी गेले. शेवटचा त्रिफळा एजाजनेच उडवला. २५ धावांनी हरलो. तीन कसोटींच्या मालिकेत घरच्या मैदानावर तिन्ही सामने हरण्याची आपली ती पहिलीच वेळ. एजाजने त्या सामन्यात अकरा बळी घेतले होते. जोगेश्वरीच्या पोराने बोरिवलीच्या पोराच्या संघाला वानखेडेवर, भाऊबीजेच्या दिवशी हरवले होते. रागवायचे तरी कुणावर?

परतीच्या गाडीत मी त्या दोघांचाच विचार करीत होतो. रोहित शर्मा आमच्या बोरिवलीत आजी-आजोबांकडे आणि काकांकडे वाढला. आईवडील डोंबिवलीला एका खोलीत राहत. हा मुलगा लहानपणी ऑफस्पिन टाकायचा, आणि फिरकी टाकणारा म्हणूनच दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत आणले. फी परवडणार नव्हती, ती माफ करून घेतली. पुढे केव्हातरी त्याच्या हातात बॅट पाहून त्यांना समजले की या पोराचा खरा धंदा हा आहे. तिकडे एजाज पटेल सुरुवातीला वेगवान गोलंदाज होता. उंची बेताची. वेगाच्या वाटेने पुढे जाता येईना, तेव्हा वयाच्या विशीत त्याने दीपक पटेल या जुन्या फिरकी गोलंदाजाच्या हाताखाली नव्याने धुळाक्षरे गिरवली. म्हणजे दोघेही आधी चुकीच्या बाकावर बसलेले. त्यांना योग्य बाक दाखवणारे कुणीतरी भेटले म्हणून आज आपल्याला त्यांच्यावर रागावता तरी येते. मी मात्र त्या दिवशी चार वाइड मोजले आणि दोन फुलटॉस मोजले. पोराचा चेंडू वळत होता की नाही, हे मी पाहिलेच नव्हते.

मला आप्पांची आठवण झाली. आमचे आप्पाही क्रिकेटवेडे. १९७१ साली वाडेकरच्या संघाने इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवले. त्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला सिमेंटची भली मोठी बॅट उभारण्यात आली. तीन वर्षांनी, १९७४ च्या जूनमध्ये, तोच वाडेकर कर्णधार असताना आपला संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद झाला आणि लोकांनी त्याच बॅटला डांबर फासले. माझा जन्म त्यानंतरचा. पण त्या बेचाळीसचा विषय निघाला की आप्पा तो आकडा कधी तोंडातून काढीत नसत. ते म्हणत, "सोलकर नाबाद अठरा." मग थोडे थांबून, "हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा तो. एकटाच दोन आकड्यांत गेला." लहानपणी मला वाटायचे, आप्पा विषय टाळताहेत. त्या दिवशी गाडीत मला कळले की पडक्या घरातला उभा राहिलेला खांब शोधायची ती रीत होती.

सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावले. काय बोलायचे ते मी मनात घोळवून ठेवले होते. कादंबरीत अशा प्रसंगाची मी अनेक पाने लिहिली आहेत. प्रत्यक्षात मात्र एवढेच म्हणालो, "तू सरावाला का येत नाहीस?"

तो जमिनीकडे पाहत राहिला.

"त्या दिवशी मी ओरडलो म्हणून?"

तरी गप्प. मग बाजू सावरण्यासाठी मी म्हणालो, "अरे, मी त्या रोहितला, कोहलीलासुद्धा असाच ओरडतो. आपल्या माणसावरच माणूस ओरडतो."

त्याने प्रथमच मान वर केली. आवाजात राग नव्हता. बेरीज चुकली असता मुले जशी दाखवून देतात तसा तो म्हणाला, "पण सर, त्यांना ऐकू येत नाही."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते त्याच्या वाक्यात खोट होती म्हणून नव्हे. त्यांना ऐकू येते, हे मी स्वतः पाहिलेले होते आणि आजवर कुणाला सांगितले नव्हते म्हणून. २००६ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर सामना चालू होता. मी प्रेक्षकांत होतो, पंचविशीच्या आसपास. तेंडुलकर एकवीस चेंडू खेळून एक धाव काढून बाद झाला आणि त्याच्या स्वतःच्या गावाने त्याची हुर्यो केली. मी त्यात होतो का? "आठवत नाही" असे मी बायकोला सांगत आलो आहे. पण आठवते. पुढे २०१३ च्या नोव्हेंबरात त्याच मैदानावर त्याने निरोपाचे भाषण केले तेव्हा मी टीव्हीसमोर ढसाढसा रडलो. त्या रडण्यात किती प्रेम होते आणि किती प्रायश्चित्त, हे माझे मला ठाऊक.

मी त्या मुलाला म्हणालो, "चुकलं माझं. उद्या ये. तुझा चेंडू मला बघायचाय."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने आला, दप्तर कुंपणाशी ठेवले आणि न बोलता रांगेत उभा राहिला. खेळाचे सर परत आले होते, मी नुसताच बाकावर बसलो होतो. त्याची पाळी आली. पहिला चेंडू वाइड. माझ्या ओठांवर एक चांगले वाक्य आले होते, ते मी गिळले. दुसरा चेंडूही वाइड. तिसरा मधोमध पडला आणि हातभर वळून यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांवर आपटला. फलंदाज बघतच राहिला. सरांनी माझ्याकडे पाहिले. मी बघत होतो.

पुढे काय झाले म्हणाल तर विशेष काही नाही. तो मुलगा अजून वाइड टाकतो. मोठा गोलंदाज होईल की बँकेत लागेल, सांगता येणार नाही. आमच्या संघाचे रडगाणेही चालूच राहिले. २०२५ च्या जानेवारीत रोहित, जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर असे सारे मोहरे घेऊन मुंबईचा संघ वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर रणजी सामना खेळला. पहिल्या डावात १२० धावांत बाद झाला आणि जम्मू-काश्मीरकडून हरला. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत जे बोलले गेले ते येथे छापण्याजोगे नाही. मे महिन्यात रोहितने कसोटीतून निवृत्ती जाहीर केली, आणि आठवडा-दहा दिवसांत वानखेडेच्या एका स्टँडला त्याचे नाव लागले. दाजींनी लगेच त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "आपला बोरिवलीचा!" सहा महिन्यांपूर्वीची त्यांची भाषणे मला पाठ होती, पण मी त्यांना काही आठवण करून दिली नाही. बहिणीच्या नवऱ्याशी नाते टिकवायचे असेल तर काही धावफलक पुसून टाकावे लागतात.

ओवाळणे आणि रागावणे यांत फारसे अंतर नाही, एवढे मात्र त्या भाऊबीजेला मला कळले. दोन्ही आपल्याच माणसासाठी राखून ठेवलेली. ताई मला वर्षभर चार गोष्टी सुनावते, पण निरांजन विझू देत नाही. म्हणून तिचे बोलणे मला लागत नाही. मी त्या पोराला नुसतेच सुनावले होते.

आता मैदानावर मी तोंड सांभाळतो. टीव्हीसमोर मात्र अजून पूर्वीसारखाच ओरडतो. बायको तेच म्हणते, "त्याला काय ऐकू जाणार आहे?" आणि मी मनातल्या मनात म्हणतो, नाही जात, हे किती बरे आहे!